उन्हाळी लागली म्हनून

माझी पोरगी तवा तीन वर्षांची हुती. मोरीत बसली की रडायची. बसायची, उठायची, परत बसायची, दोन थेंब झालं की दोन्ही मुठीत माझी साडी धरायची आन म्हनायची, आई तिखट लागतंय. जळजळ हा शबुद तिला येत नव्हता, मग तिनं तिचा शबुद काढला. मला हसू आलं हुतं तवा. मी हसले आन तिला कडंवर घेतलं आन बाहेर आले. ते हसनं मला अजून आठवतं.

आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, वट्यावर लसून सोलत बसल्या हुत्या. त्यांनी नुसती मान वर केली. "उन्हाळी लागलीय तिला. दिसभर हुंदडती, पान्याचा घोट घेत न्हाई. लागनारच."

आमच्याकडं लघवीला आग झाली की तिला उन्हाळीच म्हनतात. दिवाळी होऊन गेली हुती, सकाळी अंगनात शेकोटी करत हुतो आमी, तरी ती उन्हाळीच. अंगात उष्नता धरली की ती खालच्या वाटंनं निघती, असं समदी म्हनतात, माझी आई पन म्हनायची, मी पन म्हनत आले. मग मी धने-जिरं भिजत घातलं, सकाळी गाळून खडीसाखर टाकून पाजलं, सब्जा पाजला, तळपायाला कांदा चोळला. पोरगी जरा निवल्यासारखी वाटली. मग एक दिवस दुपारी हुडहुडी भरून ताप आला, दात वाजाय लागलं तिचं, आन ह्यांनी गाडीला किक मारली आन आमी फाट्यावरच्या डॉक्टरकडं गेलो. फाटा म्हंजी नेवाश्याच्या अलीकडचा, आमच्या गावापासून जवळच.

तिथं लई गर्दी हुती. डॉक्टरांनी पोट दाबलं, घसा बघितला, पावडरची बाटली लिहून दिली. ती बाटली कशी असती, आत नुसती भुकटी असती, पानी उकळून गार करून बानाच्या खुनंपर्यंत घालायचं आन हलवायचं. समदं नीट सांगितलं त्यांनी, आमी उठलो तर मागनं म्हनले, "डोस पूर्ण करायचा बरं का." मी म्हनले, व्हय.

आता डोस म्हनलं की मला काय ठाऊक? मला पोलिओचा डोस ठाऊक. अंगनवाडीत जायचं, पोराचं तोंड उघडायचं, बाई दोन थेंब टाकती, बोटाला शाई लावती, झाला डोस. मग पूर्ण डोस म्हंजी काय, तर टोपन पूर्ण भरून. त्या टोपनाला मधी एक बारीक रेघ हुती. मी म्हनले ही रेघ कशाला असंल ती असू दे, डॉक्टर पूर्ण म्हनलेत, आपन अर्धं टोपन का द्यायचं, आपली काय सावत्र हाय का ती. मी काठोकाठ भरायची, एक थेंब सांडू द्यायची न्हाई, सांडला तर बोटानं पुसून तिच्या जिभंला लावायची. लई मायेनं द्यायची मी.

दोन दिवसात ताप पळाला. पन पोरीला हगवन लागली, तोंडात आतून फोड आलं. आत्याबाईंनी बाटली हातात घेऊन वास घेतला. "आगीसारखं औशीद हाय हे. आदीच पोरीला उन्हाळी, त्यात तू आनखी जाळ घालती. ताप उतरला ना? बास कर आता."

मला ते पटलं. त्यांच्यावर मी काय ढकलत न्हाई, मला खरंच पटलं. गरमीच्या दुखन्यावर गरम औशीद किती दिवस द्यायचं? आन डोस तर मी पूर्ण केलाच हुता, रोज केला हुता. बाटलीत निम्म्याच्या वर औशीद उरलं ते मी फ्रीजच्या दारात ठेवलं. टाकून कसं द्यायचं, चांगलं औशीद.

मग काय, महिना झाला नसंल तर परत तिखट लागाय लागलं. परत धने-जिरं, परत हुडहुडी. मी फ्रीजमधनं तीच बाटली काढली. ह्यांना मी म्हनले पन, घरात औशीद हाय तर कशाला जायचं. ताप जरा कमी झाला, परत चढला, परत मी टोपन भरलं, बाटली संपली आन ताप काय गेला न्हाई. मग परत फाटा.

डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी डोस पूर्ण केला होता का?"

मी म्हनले, "व्हय, पूर्ण केला, काठोकाठ."

त्यांनी काठोकाठ ह्या शबुदाकडं ध्यान दिलं न्हाई, मागं रांग लागलेली. त्यांना वाटलं औशीद पुरं देऊन गुन आला न्हाई. मग त्यांनी त्याच्या वरचं, भारी औशीद दिलं. त्याचं बी मी तसंच केलं. पूर्ण टोपन, ताप उतरेपर्यंत, मग बंद. असं किती वेळा झालं ते मी आता मोजाय बसत न्हाई, मोजलं तरी काय उपयोग. दरवेळी त्यांनी विचारलं आन दरवेळी मी व्हय म्हनले, आन खोटं बोलत नव्हते मी.

एक बाजूची गोष्ट सांगते, ती पन ह्यातलीच हाय. त्याच दिवसात आमच्या गाईची कास सुजली. ढोराच्या डॉक्टरानं सुई टोचली, सडात औशीद सोडलं आन सांगून गेला, दूध डेअरीला घालू नका, त्यांच्याकडं तपासतात आन आख्खा कॅन वतून देतात. ह्यांनी डेअरीला घातलं न्हाई, ते शिस्तीचं मानूस हायेत. पन कासंडीभर दूध वतायचं कुठं? ते घरात आलं. च्याला वापरलं, पोरीला साखर घालून गलासभर दिलं. राहिलेलं मी विरजलं तर सकाळी तसंच पातळ पानी. परत विरजलं, परत तसंच. आत्याबाई शेजारनीपुढं म्हनल्या, "आमच्या सूनबाईच्या हाताला दही बी लागंना, हात हाय का विस्तू." शेजारीन हसली. मी बी हसले आन आत जाऊन रडले. मला वाटलं, खरंच माझ्या हाताला काय झालं असंल.

शेवटी पोरगी उलट्या कराय लागली. पाठीला हात लावू दीना. डोळं वर फिरवलं तिनं एकदा, तवा माझा जीव गेलाच. ह्यांच्या मित्राच्या टेम्पोत बसून आमी नगरला आलो, लहान मुलांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आत घेतलं, लघवी तपासाय पाठवली, सलाईन लावलं. त्यांनी पन तेच विचारलं, आदीची औशीदं पूर्ण दिली का. मी व्हय म्हनले. त्यांनी लिहून घेतलं आन त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी जेवनाच्या येळंला सिस्टरनं तापाची बाटली दिली आन म्हनली, "ताई, हा डोस देऊन टाका." मी टोपन काठोकाठ भरलं आन पोरीच्या तोंडाजवळ नेलं. सिस्टरनं माझं मनगटच धरलं.

"अहो काय करताय? रेघेपर्यंत!"

"पूर्ण डोस द्यायचा ना?"

"पूर्ण म्हणजे टोपण भरून नाही ओ ताई. आमटी वाढताय का?" ती हसत हुती. मग हसायची थांबली. "आधीची औषधं पण अशीच दिली?"

"व्हय की."

"आणि किती दिवस?"

"ताप उतरेपर्यंत."

तिनं टोपन माझ्या हातातनं घेतलं, जादाचं माघारी बाटलीत वतलं आन मॅडमना बोलवून आनलं. मॅडम आल्या, माझ्यापुढं स्टूल वढून बसल्या. मला वाटलं आता वरडतील. त्या वरडल्या न्हाईत. त्यांनी इचारलं, डोस पूर्ण करायचा म्हणजे काय समजलात तुम्ही? मी सांगितलं, पोलिओचं सांगितलं, उन्हाळीचं सांगितलं, औशीद गरम पडतं ते सांगितलं. त्यांनी आदल्या दिवशी लिहिलेला कागद परत वाचला. मग म्हनल्या, "सगळ्यालाच डोस म्हणतो आम्ही. एका वेळच्या औषधालाही डोस आणि सगळ्या दिवसांच्या औषधालाही डोस. तुम्हाला कुणी फोड करून सांगितलंच नाही." त्या बोलल्या ते बरं वाटाय पायजे हुतं. मला जास्तच रडू आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमा दोघांना खाली तपासनीच्या खोलीत बोलवलं. पोरीजवळ सिस्टर बसली. तिथं काचंची बशी हुती, झाकनाची. आत पिवळसर जेलीवानी थर आन त्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पापुद्रा. त्यात पांढऱ्या कागदाच्या गोल टिकल्या मांडलेल्या, आपन कपाळाला लावतो तेवढ्याच.

"हे सगळं पांढरं म्हणजे तुमच्या मुलीच्या लघवीतले जंतू," मॅडम म्हनल्या. "आणि प्रत्येक टिकलीत एक औषध आहे. औषध चाललं तर टिकलीच्या भोवती जंतू मरतात, मोकळं रिंगण पडतं."

मी बघितलं. टिकली, भोवती साय. दुसरी टिकली, भोवती साय. अगदी चिकटून. मी बोट न लावता बोटानं शोधत गेले, ह्यांचा श्वास माझ्या कानाजवळ हुता. दोनच टिकल्यांभोवती रिंगन हुतं, ते बी एकीचं लहान.

"आमची बाटली कंची?" मी इचारलं.

त्यांनी पेनानं दाखवली. तिच्या अंगाला लागून जंतू वाढले हुते, जनू ती तिथं न्हाईच.

मग त्यांनी दुर्बिनीत बघाय लावलं. मला आदी माझ्याच पापन्या दिसल्या. मग दिसलं. गुलाबी, बारीक, जिऱ्याच्या दान्यासारखं, हजारो. मी जिऱ्याचं पानी पाजत हुते आन हे आत असं पडलेलं हुतं. मला एकदम आमच्या शाळेचं विज्ञानाचं पुस्तक डोळ्यापुढं आलं. त्यात ह्या जंतूंचं चित्र हुतं, लांबुळकं, आत गुंतवळासारखा दोरा, बाहेरून भित्त, आन एका अंगाला शेपूट. मी ते वहीत लई झ्याक काढलं हुतं, बाईंनी वर्गाला दाखवलं हुतं. पेशीभित्तिका हा शबुद मला पाठ हुता, अजून हाय. पन ती भित्त कशाला असती आन ती पाडायची कशी, ते पुढं नववीत हुतं, आन नववीत दिवाळीला माझं लगीन ठरलं. चित्र काढता आलं म्हंजी कळलं असं न्हाई.

मॅडम सांगत हुत्या. हे जंतू आतड्यात असतातच समद्यांच्या, तिथं ते त्रास देत न्हाईत. तिथनं लघवीच्या वाटंला लागले की दुखनं करतात. पोरीला धुताना पुढून मागं धुवायचं, मागून पुढं न्हाई. ते बी मला कुनी सांगितलं नव्हतं, मी उलटंच धूत हुते, जन्मल्यापास्नं. मग म्हनल्या, ह्या जंतूला नर-मादी लागत न्हाई. एकच लांब होतो, मधनं चेपतो आन त्याचे दोन. अर्ध्या तासाच्या आत दोनाचे चार. औशीद त्याची भित्त बांधू देत न्हाई, भित्त कच्ची राहिली की आत पानी शिरतं आन तो फुटतो. आदी कच्चे मरतात. ताप उतरतो. पन थोडे चिवट असतात, ते उशिरा मरतात, न्हाईतर त्यांच्याकडं औशीद कापायची कात्री असती. आपन मधीच थांबलो की तेवढेच राहतात, आन परत दोनाचे चार होतात ते समदे त्यांचेच.

"आणि हे आपापसांत देवघेव पण करतात," त्या म्हनल्या. "त्या कात्रीची कृती एका गोल कड्यात लिहिलेली असते, बांगडीसारख्या. हा आपल्या बांगडीची नक्कल करून शेजाऱ्याला घालतो. स्वतःचीही ठेवतो."

ह्यांनी बशीवरनं मान वर केली. ते म्हनले, "म्हंजी म्हातारी मेल्याचं दुख न्हाई, काळ सोकावला."

"तसंच," मॅडम म्हनल्या.

मला त्या परीस दुसरंच सुचलं हुतं, आन इचारू का नको असं झालं हुतं. मी म्हनले, "मॅडम, सुई टोचलेल्या गाईच्या दुधाला विरजन लागत न्हाई ते ह्याच्यामुळं का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "हो. दही लावणारे पण जंतूच. दुधात औषध उतरतं आणि ते मरतात. ते दूध तुम्ही काय करता?"

ह्यांनी मान खाली घातली. "डेअरीला घालत न्हाई."

"ते ठीक आहे. मग?"

"घरात वापरतो."

"मुलीला पण?"

मी व्हय म्हनले. मॅडमनी चष्मा पुसला. म्हनल्या, ह्यामुळंच झालं असं मी सांगू शकत न्हाई, एवढ्या-तेवढ्यानं झालं का बाटल्यांनी झालं ते कळायला मार्ग न्हाई, पन इथून पुढं देऊ नका. मला त्यांचं ते सांगू शकत न्हाई म्हननं लई लागलं. हेच कारन हाय म्हनल्या असत्या तर मी तेवढंच धरून रडले असते. आता मी समदंच धरून बसते. टोपन, फ्रीज, गलासभर दूध, मागून पुढं धुनं.

दोन टिकल्यांपैकी एक औशीद किडनीला जड, म्हनून एकच राहिलं. ते तोंडातनं द्यायचं न्हाई, शिरंतनंच. पोरीच्या हाताची शीर सापडंना. एका हाताला टोचलं, दुसऱ्या हाताला, मग पायाला. मी तिचं डोकं माझ्या मांडीत दाबून धरलं. ती म्हनाली, "मी न्हाई म्हननार तिखट लागतंय, मी न्हाई म्हननार." सिस्टरच्या पन डोळ्यात पानी आलं.

ताप लगेच उतरला न्हाई. मी मॅडमच्या त्वांडाकडं बघायची, त्या तापाच्या कागदाकडं बघायच्या. ह्यो एक उपाय हरला तर काय, हे मी इचारलं न्हाई. ह्यांनी इचारलं असंल व्हरांड्यात, कारन आत आले तवा ते पोरीचे पाय चेपत बसले, आन ह्यांनी कदी कुनाचे पाय चेपल्याचं मी बघितलं नव्हतं. मग एका सकाळी पोरीच्या मानंला घाम आला, मी कपाळाला गाल लावला, गार. ती म्हनाली भूक लागली. शेंगदान्याची चटनी पायजे.

त्याच दिवशी आत्याबाईंचा फोन आला. "ताप न्हाई तर आना की घरी. किती दिवस सुया टोचनार त्या लेकराला?"

मी म्हनले, "आत्याबाई, ताप गेला म्हंजी जंतू गेले असं न्हाई. समदे दिवस करायचे हायेत."

"मला काय कळतं त्यातलं," त्या म्हनल्या, आन मग म्हनल्या, "मीच बास कर म्हनले हुते ना गं?"

"मला बी पटलं हुतं," मी म्हनले.  त्यांनी फोन ठिवला.

समद्या सुया झाल्या. लघवी परत तपासली, काचंच्या बशीत काय उगवलं न्हाई. आमी घरी आलो. काही महिन्यांनी मॅडमनी किडनीचा फोटो काढाय सांगितला, तो काढला. डाव्या किडनीला डाग हाय. ताप जवा जवा आत शिरला तवा तिथं जखम झाली आन ती भरली ती अशी भरली. मी इचारलं डाग जाईल का. त्या म्हनल्या, डाग राहतो, पण पोरगी वाढेल, खेळेल, फक्त रक्तदाब बघत राहायचा आणि परत असं होऊ द्यायचं नाही. मी डाग हा शबुद ऐकला आन मला माझंच नाव घेतल्यागत झालं.

आता पोरगी पाच वर्षांची हाय, बालवाडीत जाती. मोरीतनं आली की मी इचारते, "तिखट लागलं का?" ती मी इचारायच्या आदीच सांगती, "न्हाई लागलं." लई पटकन सांगती. शानी झालीय. तिला ठाऊक हाय की लागलं म्हनलं की टेम्पो, नगर, सुई. परवा ती आत जरा जास्त येळ बसली हुती. मी दाराशी उभी राहिले. आतनं आवाज न्हाई. मी म्हनले, "काय गं, काय झालं?"

"काय न्हाई."

"लागतंय का?"

"न्हाई म्हनले ना."

ती बाहेर आली, हात धुतले, माझ्याकडं बघून हसली आन पळाली. खरं बोलली का खोटं, ते मला कळलं न्हाई. तिला आता बोलायला येतं, जळजळ हा शबुद पन येतो. पन ती सांगनार न्हाई. मी लघवी तपासायची डबी घेतली, तिला परत बोलवलं, पानी पाजलं, गोडीगुलाबीनं लघवी धरली आन ह्यांना म्हनले, गाडी काढा, तपासून येऊ.